जुन्या गाडीचे कडक पेडल आणि बूस्टरची निवड

प्रश्न : माझ्याकडे १९६९ ची दोन दारांची, व्ही-८ इंजिनाची गाडी आहे. इंजिन नव्याने बांधताना जास्त ओव्हरलॅपचा (आत घेणारे आणि बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे ठेवणारा) कॅमशाफ्ट बसवला आणि पुढच्या ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक घातले. मागे ड्रमच आहेत. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असून पॉवर स्टिअरिंग बेल्टवरच्या पंपाने चालते. पायाच्या जोरात भर घालणारा मूळचा नऊ इंच व्यासाचा व्हॅक्यूम बूस्टर तसाच ठेवला आहे. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक उत्तम लागतात, मात्र रहदारीत थोडे थोडे पुढे सरकताना दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पेडल एकदम कडक होते. न्यूट्रलमध्ये आयडलिंगला व्हॅक्यूम गेज १० ते ११ इंच (पाऱ्याचे) दाखवतो. आणखी मोठा बूस्टर व्हॉल्व्ह कव्हरला अडतो. एक मित्र आठ इंची दुहेरी डायफ्रॅमचा बूस्टर घे म्हणतो, दुसरा विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप सुचवतो, तिसरा हायड्रॉलिक बूस्टर, तर चौथा नव्या गाड्यांतला इलेक्ट्रिक बूस्टर. गाडी माझी पत्नीही चालवते, त्यामुळे बूस्टर काढून टाकणे पटत नाही. काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

पहिल्या वेळी ब्रेक चांगला लागतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पेडल कडक होते, हे तुम्ही नेमके टिपले आहे आणि त्यातच निम्मे निदान झालेले आहे. बूस्टरमधला डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, फाटलेला असता तर पेडल पहिल्यापासूनच कडक लागले असते आणि बहुधा आयडलिंगही बिघडले असते. तुमचा बूस्टर धडधाकट दिसतो. त्याला लागणारा व्हॅक्यूम इंजिन पुरेशा वेगाने भरून देऊ शकत नाही, एवढीच अडचण आहे.

व्हॅक्यूम बूस्टरमध्ये डायफ्रॅमच्या दोन्ही बाजूंना विश्रांतीच्या वेळी सारखाच व्हॅक्यूम असतो. पेडल दाबले की आतला व्हॉल्व्ह पेडलच्या बाजूच्या कप्प्यात बाहेरची हवा सोडतो, आणि त्या हवेचा दाब डायफ्रॅमला मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे ब्रेक ऑइलवर दाब आणणाऱ्या मुख्य सिलिंडरच्या, दिशेने ढकलतो. पेडल सोडले की आत आलेली ती हवा इंजिनाला पुन्हा ओढून काढावी लागते. म्हणजे प्रत्येक ब्रेकमागे साठ्यातला थोडा व्हॅक्यूम खर्च होतो. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना तुम्ही ॲक्सिलरेटर सोडता, थ्रॉटल बंद होतो, इंजिन चाकांच्या ओढीने फिरत राहते आणि मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, व्हॅक्यूम २० इंचांच्याही वर जातो. एकदिशा व्हॉल्व्ह तो बूस्टरमध्ये कोंडून ठेवतो, म्हणून तिथला ब्रेक झकास वाटतो. रहदारीत मात्र इंजिन आयडलिंगवरच असते, जास्त ओव्हरलॅपमुळे जळालेला वायू मॅनिफोल्डमध्ये परत येऊन व्हॅक्यूम मोडतो, आणि साठा एक-दोन ब्रेकमध्ये खाली येऊन त्या १० इंचांवर टेकतो.

याचा पायावर किती भार पडतो ते आकड्यांत पाहू. नऊ इंची डायफ्रॅमचे क्षेत्रफळ सुमारे ४१० चौरस सेंटिमीटर भरते. साध्या, मूळ कॅमशाफ्टच्या इंजिनाप्रमाणे १८ इंच व्हॅक्यूम मिळाला, तर कागदावर त्यातून सुमारे २५५ किलोचा जोर मिळतो. १० इंचांवर तोच जोर १४२ किलोपर्यंत उतरतो. मधला दांडा आणि कडा यांमुळे प्रत्यक्षातले आकडे याहून कमी असतात, पण प्रमाण तेच राहते. आता पेडलचे गुणोत्तर (पेडल पायाचा जोर किती पट करते तो आकडा) ४ आहे आणि मास्टर सिलिंडर एक इंची, म्हणजे ५.०७ चौरस सेंटिमीटर पिस्टनचा आहे असे धरा. पायाने १५ किलो जोर लावला की १८ इंचांवर ब्रेकच्या पाइपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६२ किलो दाब तयार होतो. १० इंचांवर तेवढ्याच पायाने तो जेमतेम ४० होतो. पुन्हा ६२ गाठायचे तर पायाला सुमारे ४३ किलो जोर लावावा लागतो, कारण बूस्टरने आपली सगळी ताकद आधीच दिलेली असते आणि त्यापुढची सगळी भर एकट्या पायाची असते. पेडल कडक झाले असे जाणवते ते नेमके याच क्षणी. डिस्क ब्रेकला जोरात थांबण्यासाठी साधारण ६० ते ८० चा दाब हवा असतो. ड्रमचे शू फिरत्या ड्रमच्या ओढीने स्वतःच अधिक घट्ट बसतात, त्यामुळे त्यांना कमी दाब पुरतो. तुम्ही ड्रम काढून डिस्क लावल्या आणि त्याच वेळी कॅमशाफ्टने बूस्टरची मदत घटवली. दोन्ही बदलांचा भार एकाच पायावर आला.

मित्रांच्या पर्यायांकडे वळण्यापूर्वी दोन चौकशा करा. त्या फुकट आहेत आणि त्यांशिवाय केलेली कोणतीही खरेदी अंदाजाची ठरेल.

पहिली चौकशी मापाची. न्यूट्रलमधला आकडा पुरेसा नाही. इंजिन पूर्ण तापल्यावर, हँडब्रेक ओढून, चाकांना अडथळे लावून, ब्रेकवर पाय ठेवून, गिअर ‘डी’मध्ये टाकून, हेडलाइट, पंखा आणि असल्यास वातानुकूलन सुरू ठेवून गेज वाचा. तो आकडा न्यूट्रलपेक्षा खालीच येईल, आणि तुमच्या गाडीसाठी खरा आकडा तोच. उंच डोंगराळ भागात गाडी नेत असाल, तर दर हजार मीटर चढाईला सुमारे तीन इंच व्हॅक्यूम आणखी कमी होतो हेही हिशेबात धरा. बूस्टरची होज मॅनिफोल्डच्या सामाईक भागातून घेतली आहे की एकाच सिलिंडरच्या वाटेवरून, हेही पाहा. एकाच वाटेवरून घेतलेला व्हॅक्यूम धडधडत येतो. होज व्हॅक्यूमसाठीच बनवलेली, जाड भिंतीची असावी. दुसऱ्या कामाची मऊ होज आतून चपटी होते आणि बाहेरून ते दिसतही नाही. कार्ब्युरेटरच्या किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरत नाही ना, हे तपासा. इग्निशनचे मूळ टायमिंग नव्या कॅमशाफ्टला साजेसे पुढे घेतले आहे का, तेही पाहा. जुन्या टायमिंगवर ठेवलेले असे इंजिन विनाकारण कमी व्हॅक्यूम देते. या दुरुस्त्यांनी १० चे १८ होणार नाहीत, पण एखाद-दोन इंच मिळाले तरी ते सोडू नयेत.

दुसरी चौकशी मास्टर सिलिंडरची, आणि त्याबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षरही नाही, याची मला जास्त काळजी वाटते. मूळचा चारही ड्रमसाठी असलेला मास्टर सिलिंडरच अजून गाडीवर असेल, तर ब्रेकच्या पाइपांमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवणारा अवशिष्ट दाबाचा व्हॉल्व्ह त्याच्या आत असण्याची शक्यता आहे. ड्रमसाठी हा दाब साधारण १० पीएसआय (दर चौरस इंचाला १० पौंड) ठेवलेला असतो. तो पुढच्या डिस्कच्या पाइपवर राहिला, तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि ब्रेक तापतात. शिवाय डिस्कचे पॅड झिजतात तसे कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर आवळणाऱ्या भागात) जास्त ब्रेक ऑइल जाते, म्हणून पुढच्या ब्रेकचा टाकीचा कप्पा मोठा लागतो. डिस्क-ड्रम जोडीसाठीचाच मास्टर सिलिंडर घ्या, आणि मागची चाके आधी लॉक होऊ नयेत म्हणून मागच्या पाइपवर दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह असू द्या. हे दोन्ही आधीच केलेले असेल तर उत्तमच.

सिलिंडरचा व्यास आणि पेडलचे गुणोत्तर मोजून लिहून ठेवा. गुणोत्तर काढणे सोपे आहे : पेडल ज्या खिळीवर फिरते तिथपासून पावलाच्या मध्यापर्यंतच्या अंतराला, त्याच खिळीपासून पुशरॉड (पेडलचा जोर पुढे नेणारा दांडा) जोडलेल्या छिद्रापर्यंतच्या अंतराने भागा. बूस्टर असलेल्या गाड्यांत ते ४ च्या आसपास असते, बूस्टर नसलेल्यांत ६ च्या आसपास. अनेक जुन्या गाड्यांच्या पेडलला याचसाठी दोन छिद्रे असतात. पत्नी गाडी चालवते म्हणून बूस्टर काढायचा नाही, हा तुमचा निर्णय रास्त आहे. तरीही विनाबूस्टर ब्रेकचा हिशेब एकदा करून पाहा. गुणोत्तर ६ आणि मास्टर सिलिंडर सात-अष्टमांश इंची घेतला, तर ४५ किलो पायाने सुमारे ७० चा दाब मिळतो. मात्र सिलिंडर लहान झाल्याने पेडलचा प्रवास एक इंची सिलिंडरपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी वाढतो. हलक्या गाडीला आणि दणकट पायाला हे चालून जाते. धोका होतो तो अर्धवट बदलात. बूस्टर काढला पण पेडल ४ च्या छिद्रात आणि सिलिंडर एक इंचीच राहिला, तर तेच ४५ किलो जेमतेम ३५ चा दाब देतात. अशी गाडी आणीबाणीत थांबणार नाही.

आता पर्यायांकडे वळू. आठ इंची दुहेरी डायफ्रॅमच्या बूस्टरचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ६५० चौरस सेंटिमीटर असते, त्यामुळे १० इंच व्हॅक्यूमवरही तो कागदावर २२५ किलोपर्यंत जोर देतो, म्हणजे तुमच्या जुन्या बूस्टरच्या पूर्ण ताकदीच्या जवळ पोचतो. तुमच्या मित्राचा सल्ला याच आकड्यावर बेतलेला दिसतो. त्यात निसटलेली गोष्ट अशी की, दोन डायफ्रॅम म्हणजे दर ब्रेकला आत शिरणारी हवाही जास्त, आणि ती बाहेर ओढायला तेच अशक्त इंजिन. पहिला ब्रेक नक्की सुधारेल, पण तुमची तक्रार दुसऱ्या-तिसऱ्या ब्रेकची आहे. ‘डी’मध्ये मोजलेला आकडा १४ च्या वर आला असता, तर मी हाच बूस्टर सुचवला असता. न्यूट्रलमध्येच १० असताना तो एकटा पुरेल असे मला वाटत नाही. काही जण सोबत व्हॅक्यूमची राखीव टाकी लावायला सांगतात. टाकी व्हॅक्यूम साठवते, तयार करत नाही. उतारावर मिळालेले २० इंच ती धरून ठेवील, आणि रहदारीतल्या तीन-चार ब्रेकनंतर तीही १० वर येईल.

विजेवर चालणारा पंप हा उणिवेवरचा थेट उपाय आहे आणि कमी तोडफोडीत बसतो. पण पंप विकत घेऊन कुठेतरी अडकवला की काम झाले असे नाही. त्यासोबत व्हॅक्यूम-स्विच हवा, जो सुमारे १८ इंचांच्या खाली पंप सुरू करील आणि २०-२२ च्या सुमारास थांबवील. पंप आणि मॅनिफोल्ड यांच्या मध्ये एकदिशा व्हॉल्व्ह हवा, नाहीतर पंप बूस्टरऐवजी इंजिनाची हवा ओढत बसेल. वीज जाड तारेने, रिले आणि स्वतंत्र फ्यूजमधून घ्यावी. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे व्हॅक्यूम घसरल्याचे दाखवणारा लाल दिवा डॅशबोर्डवर असावा, कारण पंप मेल्याचे चालकाला अन्यथा कडक पेडलवरूनच कळते, आणि ते कळण्याची ती योग्य वेळ नव्हे. यातले बरेच पंप थोड्या थोड्या वेळाने सुरू होण्यासाठी बनवलेले असतात. एकेरी डायफ्रॅमच्या बूस्टरवर आणि लहानशी टाकी जोडून तो वापरला तर त्याच्यावर ताण कमी येतो. आवाजाची तक्रार मात्र राहतेच. रबरी बुशवर बसवून ती कमी होते, पूर्ण जात नाही.

चौथ्या मित्राने सुचवलेल्या इलेक्ट्रिक बूस्टरबद्दल थोडक्यात सांगतो. बॉशने २०१३ मध्ये आणलेला आयबूस्टर आणि त्यासारखे भाग मोटरच्या जोरावर चालतात. त्यांना व्हॅक्यूम लागत नाही आणि जागाही कमी लागते, त्यामुळे ते मोहात पाडतात. मूळ गाडीत ते इतर संगणकांशी बोलत असतात. जुन्या गाडीत त्यांना त्या संभाषणाविना, दोष नोंदलेल्या अवस्थेत चालवावे लागते. अशी जुळणी चालते असे दाखवणारे लोक आहेत, हे खरे. पण दुसऱ्या गाडीतून काढलेला, किती वापरला गेला हे माहीत नसलेला भाग, पन्नास वर्षांहून जुनी वायरिंग आणि स्टार्टर मारताना कोसळणारे बॅटरीचे व्होल्टेज, या तिघांच्या भरवशावर ब्रेक सोपवण्याचा सल्ला मी तरी देणार नाही.

माझे मत तिसऱ्या मित्राच्या बाजूने आहे. कॅमशाफ्टमुळे तुमचे इंजिन व्हॅक्यूम देऊ शकत नाही, पण तेच इंजिन बेल्टवरच्या स्टिअरिंग पंपातून भरपूर हायड्रॉलिक दाब आधीच तयार करते. मदत तिथूनच घ्यावी. बेंडिक्स कंपनीने १९७० च्या दशकात असाच हायड्रॉलिक बूस्टर, हायड्रो-बूस्ट, आणला. डिझेल इंजिनाला त्याचा विशेष उपयोग झाला, कारण अशा इंजिनात थ्रॉटल नसल्याने मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमच तयार होत नाही. तुमच्या कॅमशाफ्टने तुम्हाला त्याच रांगेत आणून उभे केले आहे. हा बूस्टर व्यासाने लहान असल्याने व्हॉल्व्ह कव्हरची अडचणही बरीच सुटते, मात्र तो लांबीला जास्त असू शकतो, म्हणून फायरवॉलपासून पुढची मोकळी जागा मोजल्याशिवाय मागवू नका.

त्याची जोडणी काटेकोर हवी. पंपातून निघालेले दाबाचे तेल आधी बूस्टरमध्ये आणि तिथून स्टिअरिंग बॉक्समध्ये जाते. परतीच्या वाटा दोन असतात, एक स्टिअरिंग बॉक्सची आणि एक बूस्टरची, आणि त्या पंपाच्या टाकीत वेगवेगळ्या तोंडांनी जाव्यात. दोन्ही एकाच टी-जोडात घुसवल्या की एका बाजूचा परतीचा दाब दुसरीकडे शिरतो, आणि त्यामुळे स्टिअरिंग फिरवताना ब्रेक आपोआप हलकेच लागण्याची लक्षणे दिसू शकतात. टाकीला दुसरे तोंड नसेल तर ते बसवून घ्या. पंपाचा दाब आणि प्रवाह बूस्टर बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेत असायला हवा. झिजलेला जुना पंप केवळ स्टिअरिंगसाठी पुरत असला, तरी या कामाला पुरेलच असे नाही. बेल्ट तुटला किंवा इंजिन बंद पडले, तर बूस्टरवरचा संचयक (दाबाखालचे तेल साठवणारा भाग) साधारण दोन-तीन ब्रेकांपुरती मदत राखून ठेवतो आणि नंतर सगळा जोर पायाचाच राहतो. बेल्ट तुटल्यावर स्टिअरिंगही त्याच क्षणी जड होईल, हे तुम्हा दोघांनाही आधीपासून माहीत असावे. म्हणूनच बेल्ट जुना झाला की तुटण्याची वाट न पाहता बदलावा.

दोन इशारे जिवाशी निगडित आहेत. हायड्रॉलिक बूस्टरचा कोणताही जोड उघडण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून पेडल पुष्कळ वेळा दाबा आणि ते पूर्ण कडक झाल्यावरच पाना लावा, कारण संचयकात दाब कोंडलेला असतो. दुसरे, बूस्टरमध्ये स्टिअरिंगचे तेल आणि मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइल, या दोन्हींची कधीही सरमिसळ होऊ देऊ नका. खनिज तेल ब्रेकच्या रबरी सीलमध्ये गेले की ते फुगतात, आणि मग एकेक सील बदलत बसण्यापेक्षा सगळी प्रणालीच उलगडावी लागते. तेल भरताना पुढची चाके उचलून, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवत हवा काढा. घाईने फिरवले तर तेलाला फेस येतो आणि तो बसायला वेळ लागतो.

पेडलचे गुणोत्तर या बूस्टरसाठीही ४ च्या आसपासच ठेवावे, आणि बूस्टर विकणाऱ्याने दिलेला आकडा माझ्या आकड्यापेक्षा प्रमाण मानावा. हायड्रॉलिक बूस्टरवर पेडल फार हलके लागते, काहींना ते सुरुवातीला नको तितके हलके वाटते. सिग्नलला ‘डी’मध्ये उभे असताना पेडल जोरात दाबून धरले, तर पंपावर भार येऊन लडखडते आयडलिंग आणखी खाली जाऊ शकते. तसे झाले तर आयडलिंग थोडे वाढवून पाहा.

कोणताही बूस्टर घेतला तरी त्याचा दांडा आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यातले अंतर मोजल्याशिवाय नटबोल्ट आवळू नका. विक्रेत्याने वेगळे सांगितले नसेल तर सुमारे अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवावी. दांडा लांब राहिला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारे छिद्र झाकलेले राहते, ब्रेक ऑइल तापून फुगते आणि काही किलोमीटरांवर ब्रेक आपोआप आवळले जातात. दांडा आखूड राहिला तर पेडलचा बराच प्रवास वाया जातो. जुन्या गाडीची फायरवॉल पातळ पत्र्याची असते. सहायकाला पेडल जोरात दाबायला सांगून तुम्ही बोनेटखाली पाहा. मास्टर सिलिंडर पुढे हलताना दिसला, तर पेडलच्या मऊपणाचे कारण पाइपातली हवा नसून पत्रा आहे, आणि तिथे मागून जाड प्लेट लावावी लागेल.

काम झाल्यावर गाडी रस्त्यावर काढण्याआधी इंजिन बंद ठेवून साठा संपेपर्यंत पेडल दाबा, ते हलके दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. व्हॅक्यूम बूस्टर असेल तर पेडल किंचित खाली जायला हवे. हायड्रॉलिक असेल तर ते थोडे खाली जाऊन पुन्हा पायाला हलके वर ढकलल्यासारखे वाटते, आणि तो दोष नाही. मग इंजिन बंद करून काही मिनिटांनी पुन्हा दाबून पाहा. निदान दोन वेळा मदत जाणवली पाहिजे. त्यानंतर मोकळ्या, सपाट मैदानात सावकाश वेगाने सुरुवात करा, आणि रहदारीतला तो जुना प्रसंग मुद्दाम घडवा : आयडलिंगवर, ‘डी’मध्ये, लागोपाठ पाच-सहा ब्रेक. सहावा ब्रेक पहिल्यासारखाच लागला, तरच गाडीची किल्ली पत्नीच्या हाती द्या. पेडल तरीही कडक होत असेल, तर ‘डी’मधला व्हॅक्यूम, मास्टर सिलिंडरचा व्यास आणि पेडलचे गुणोत्तर, हे तीन आकडे मला कळवा.